भास्कर, ते ग्लिसरीनच होतं

तुझ्या शोकसभेत बोलायला उभ्या राहिलेल्या एकालाही तुझं काम धड सांगता आलं नाही, भास्कर. प्राचार्य म्हणाले, तू ‘जिवाणूंच्या भिंतींचा’ अभ्यास करायचास. जिवाणू! एरवी हा शब्द ऐकून तू खुर्चीतून उठला असतास आणि माइक हिसकावून घेतला असतास. पण तू हार घातलेल्या फोटोत होतास. फोटोही आयकार्डावरचा, मोठा करून आणलेला, ज्यात तू कुणाला तरी झापायच्या बेतात दिसतोस. नंतरच्या वक्त्याला तर उमाळाच फुटला. म्हणाला, सूक्ष्म भिंती कशा बांधल्या जातात ते शोधणाऱ्या या माणसाने माणसामाणसांतल्या भिंती मात्र आयुष्यभर पाडल्या. मी रुमाल तोंडावर दाबला. शेजारच्या बाईंना वाटलं, हुंदका आला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तू, आणि भिंती पाडल्यास! कँटीनवाल्यापासून विद्यापीठातल्या साहेबांपर्यंत, ज्याच्याशी तू कधी ना कधी बोलणं टाकलं नाहीस असा एक माणूस दाखव. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही. जिवंत होतास तेव्हा याच लोकांनी तुझी प्रयोगशाळा जिन्याखालच्या खोलीत ढकलली होती. पाहणीला समिती आली की त्या खोलीला बाहेरून कडी लावायचे, आणि तू एकदा आत असताना लावली होती. त्या दिवशी तू दार बडवलं नाहीस. आत बसून काम केलंस आणि संध्याकाळी प्राचार्यांना जाऊन सांगितलंस की वर्षभरात पहिल्यांदाच शांतता मिळाली.

मलाही बोलायला बोलावलं. ‘डॉक्टर वसुधाताई, सरांच्या कॉलेजच्या दिवसांपासूनच्या मैत्रीण, चार शब्द बोलतील.’ मी मान हलवून नकार दिला. माझ्याकडे खरंच चारच शब्द होते आणि ते शोकसभेत बोलण्याजोगे नव्हते. ते मी या लेखाच्या डोक्यावर लिहिलेत.

आता हे कुणी छापलं तर वाचणाऱ्याला काही कळायला हवं, म्हणून जरा मुळापासून सांगते. तुला सगळं पाठ आहे, तू तोवर नाक मुरडत बस. गाईच्या पोटात, गोबरगॅसच्या टाकीत, उकळत्या झऱ्यात असे काही जीव राहतात की ते दिसतात जिवाणूंसारखे, पण जिवाणू नसतात. त्यांना आर्किया म्हणतात. गाय ढेकर देते तेव्हा जो मिथेन वायू बाहेर पडतो, तो यांचा उद्योग. यांच्यातल्या काही जातींच्या अंगाभोवती भिंत असते, आणि तीही लांबून जिवाणूंच्या भिंतीसारखीच दिसते. साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना एकमेकींशी बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे दोर. पण जवळ जाऊन बघितलं तर साखर वेगळी, बांधणी वेगळी. जिवाणूंच्या दोरात काही अमिनो आम्लं आरशातल्यासारखी उलटी असतात, यांच्या दोरात एकही उलटं नाही. म्हणून पेनिसिलिन यांच्या केसालाही धक्का लावू शकत नाही. हा दोर एकेक अमिनो आम्ल जोडत विणणारी जी एन्झाइम आहेत, त्यांतल्या एकाचा आकार कसा आहे, हे शोधण्यात तू आयुष्य घालवलंस. लोक फ्लॅट घेतात, मुलींची लग्नं करतात. तू एका रेणूचा आकार शोधलास, आणि तोही जवळजवळ बरोबर.

या ‘जवळजवळ’वरूनच आपलं वाजलं.

तुझा तो आर्किया तुझ्याच घरचा होता. मखमलाबादला तुझ्या भावाच्या, दत्तूच्या, फुलशेतीच्या बांधावर गोबरगॅसची टाकी आहे, तिथून तू बादलीभर शेणाची रबडी आणलीस. आख्खं खानदान झेंडू आणि गुलाब लावणारं, आणि त्यातला एकटा तू शेणात हात घालायला निघालास. दत्तू मला म्हणाला होता, ‘ताई, आमच्या भाऊला फुलाचा वास नाय सहन होत, शेणाचा लय आवडतो. आता काय म्हनायचं?’ मी म्हटलं, काहीच म्हणू नका. तेव्हा तू पाठ करून उभा होतास आणि तुला सगळं ऐकू येत होतं.

मी तेव्हा बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवून शिकवून सुकले होते. पीएचडी तुझ्याबरोबरच झाली होती माझी, पण मग मुलं, सासूबाईंचं अंथरूण, पेपर तपासणं. संशोधन हा शब्द मी माळ्यावर टाकला होता, जुन्या सतरंजीच्या गुंडाळीत. एक दिवस तुझा फोन आला. ‘वसू, शनिवारी ये. माझ्या कामात चुका काढायला कुणी नाही. सगळे होयबा गोळा झालेत.’ नमस्कार नाही, कशी आहेस नाही. तू कधी कुणाची विचारपूस केलीस म्हणा. माझं उपप्राचार्यपद माझ्या हाताखालच्या माणसाला दिलं गेलं तेव्हा सगळा स्टाफ मला धीर द्यायला रांगेने आला. तू एकटा आला नाहीस. शनिवारी भेटलास तेव्हा म्हणालास, ‘बरं झालं. आता तरी काही वाचशील.’ इतका राग आला होता मला. आणि मी वाचायला लागले होते, हेही खरं आहे.

तर शनिवार. घरी आमचे हे दुपारी घड्याळ बघून म्हणायचे, ‘जा, भांडून ये.’ जिन्याखालची ती खोली, तुझा तो एसी जो गारवा कमी आणि धमकी जास्त द्यायचा, कागदावर पसरलेला भेळभत्ता, त्यातल्या मिरच्या तू वेचून माझ्याकडे सरकवणार आणि कांदा एकटा खाणार. आणि समोर पडद्यावर तो रेणू. तू तो माउसने फिरवायचास तसा मी आयुष्यात कुणाला काही फिरवताना पाहिलं नाही. पोटच्या पोराला आंघोळ घालताना माणूस असा हात धरतो. तीन भाग होते त्याचे. पहिला भाग भिंतीच्या अर्धवट दोराचं टोक धरणारा, मधला ऊर्जा पुरवणारा रेणू धरणारा, आणि तिसरा अडकित्त्याच्या पात्यासारखा वर मिटणारा. ते पातं मिटलं की नवं अमिनो आम्ल दोराला चिकटतं. हे सगळं तू मला दाखवलंस तेव्हा मी क्षणभर भांडायचंच विसरले. तू म्हणालास, ‘तब्येत बरी आहे ना?’

आता भांडण. एन्झाइमचे खडे बनवायचे, म्हणजे स्फटिक, साखरेच्या दाण्याहूनही बारके. ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचे. गोठताना आत बर्फ होऊन खडा तडकू नये म्हणून त्यात ग्लिसरीन घालायचं, तेच, जे थंडीत आपण ओठाला लावतो. मग तो खडा क्ष-किरणांत धरायचा. त्यातून मिळते अणूंच्या जागी दाट दिसणारी एक निळी जाळी, आणि त्या जाळीत आपण आपल्या बुद्धीने अणू बसवत जायचे. तिसऱ्या भागाखालच्या खोबणीत जाळीचा एक ठिपका उरला होता. तू त्यात ॲलॅनिन बसवलंस. ॲलॅनिन हे अमिनो आम्ल. म्हणजे दोराला चिकटायला निघालेला नवा मणी रंगेहाथ पकडला, असा तुझा दावा. तो दावा छापून आला. तुझं नाव झालं. निदान ज्या मूठभर लोकांना हे कळतं त्यांच्यात झालं.

मी पहिल्याच शनिवारी म्हटलं, ते ग्लिसरीन आहे.

हायड्रोजन सोडले तर ॲलॅनिनमध्ये सहा अणू. ग्लिसरीनमध्येही सहाच. जाळी इतकी पुसट की त्यात नायट्रोजन कोणता आणि ऑक्सिजन कोणता हे देवालाही सांगता आलं नसतं. आणि बाटलीभर ग्लिसरीन तू स्वतःच्या हाताने त्यात ओतलं होतंस! चोर घरात आहे हे माहीत असताना तू गावभर शोधत होतास. मी म्हटलं, एक खडा ग्लिसरीनऐवजी साखरेच्या पाण्यात गोठव. ठिपका राहिला तर मी जन्मभर तोंड उघडणार नाही. तू म्हणालास, ‘तुझं तोंड बंद करायला एवढा खर्च कॉलेज मंजूर करणार नाही.’ हसण्यावारी नेलंस. मग चिडलास. मग कागदावर चित्रं काढून मला समजावू लागलास, जणू मी तुझ्या एफवायच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेय. पडलो तरी नाक वर, ही म्हण तुझ्यासाठीच कुणीतरी आधी करून ठेवली असावी.

आपण दोघं एकदा खडे घेऊन इंदूरला गेलो होतो, तिथल्या यंत्रावर क्ष-किरण दाखवायला. तुझी ती डबडा गाडी, मागच्या सीटवर नायट्रोजनची टाकी, तिला तू सीटबेल्ट लावलेला, आणि पुढे बसलेल्या माझा बेल्ट तुटलेला. ओझर गेलं, चांदवडचा घाट गेला, मालेगावच्या पुढे एका ढाब्यावर चहाला थांबलो. टाकीतून वाफ निघत होती. ढाबेवाल्याने आत डोकावून विचारलं, ‘यामा काय शे, सर? जरसीनं शे का?’ गावोगाव अशी टाकी फक्त गाईंच्या डॉक्टरकडे असते, वळूचं बीज ठेवायला, त्यामुळे त्याला दुसरं काय वाटणार. तू क्षणभरही न थांबता म्हणालास, ‘हो, जर्सीचं.’ त्याने चहा फुकट पाजला आणि आपल्या गाईसाठी थोडं मागितलं, तेव्हा तुझी कशी तारांबळ उडाली! मी पोट धरून हसले. पुढे धुळ्यापर्यंत तू बोलला नाहीस. मी म्हटलं, ‘भास्कर, टाकीत काय आहे हे न बघता लोक ठरवून मोकळे होतात, नाही?’ तुला बरोबर कळलं मी कशाबद्दल बोलतेय. तू आवाज चढवून ‘ॲलॅनिन!’ एवढंच म्हणालास आणि समोरच्या ट्रकला उगाच हॉर्न दिलास.

हे सगळं दोन म्हाताऱ्या मास्तरांचं भांडण म्हणून राहिलं असतं तर मला आज एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण मध्ये अश्विनी आली. इगतपुरीची, वडील रेल्वेत, रोज गाडीने ये-जा करणारी, तुझी पीएचडीची विद्यार्थिनी आणि तुझी एकमेव अशी, जी तुझ्या ओरडण्याने रडत नसे. तिने विषय घेतला तो याच खोबणीचा. खोबणीत ॲलॅनिन बसतं ना, मग ॲलॅनिनसारखंच दिसणारं पण न निघणारं एक बूच बनवायचं. बूच बसलं की एन्झाइम अडलं, एन्झाइम अडलं की भिंत अडली, भिंत अडली की गाईच्या पोटातला मिथेन कमी. कल्पना चांगली होती. फक्त खोबणीत ॲलॅनिन नव्हतं. ती पोरगी ग्लिसरीनच्या मापाचं बूच शिवत बसणार होती, आणि तिची उमेदीची वर्षं त्यात जाणार होती. मी तुला हे तोंडावर सांगितलं. ‘तुझा अहंकार तू कुरवाळत बस, पण त्या मुलीला त्यात पुरू नकोस.’ तू म्हणालास, ‘माझ्या विद्यार्थिनीचं मी बघेन.’ त्या दिवशी मला तुझी घृणा वाटली, भास्कर. हा शब्द मी विचार करून लिहितेय. माणूस चुकतो, ते चालतं. स्वतःची चूक दुसऱ्याच्या आयुष्यावर उभी करून वर ऐटीत बसतो, त्याला मी माफ करत नाही.

आणि मग तू गेलास. दुपारी, जेवून, खुर्चीत. भांडण मध्यावर टाकून उठून जायची तुझी जुनी सवय.

दशक्रियेला दत्तूने मला मुद्दाम बोलावलं. ‘ताई, तुमी पायजेच. भाऊ तुमचंच ऐकायचा.’ माझं ऐकायचा! गोदेच्या काठावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. समोर कठड्यावर बसला होता, चांगला गुबगुबीत, इकडे बघायला तयार नाही. तुझ्या जातीचा असावा. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, कुणीतरी शब्द द्या. प्राचार्य पुढे झाले, हात जोडले, म्हणाले, ‘सर, प्रयोगशाळेला आपलं नाव देऊ.’ जिन्याखालच्या खोलीला! कावळ्याने मान फिरवली, आणि त्या क्षणी मला तो पक्षी आवडला. मग दत्तू म्हणाला, ‘भाऊ, तुझं एक बी पुस्तक रद्दीत नाय जानार, शप्पथ हाय.’ तरी नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. ‘मॅडम, तुम्ही बोला काहीतरी.’ मी पदर सावरून पुढे गेले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, ‘ग्लिसरीन म्हण, मग बघू.’ कावळा उडाला आणि शेजारी दुसऱ्या कुणाच्या तरी पिंडाला शिवून आला.

शेवटी अश्विनी. ओढणी डोक्यावर घेऊन पोरगी वाकली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, ‘सर, काम अर्धवट सोडणार नाही. आपलं ठरलंय तसंच पूर्ण करीन.’ आणि कावळा आला. सरळ आला, भाताचं ढेकूळ उचललं, गेला. दत्तूने डोळे पुसले, बायकांनी हात जोडले, प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. मी पदराला पीळ घालत उभी होते, आणि ते दुःखाने नव्हतं. मेल्यावरसुद्धा तू त्या मुलीकडून शब्द काढून घेतलास. आता ती तुझ्या नावाने, भक्तिभावाने, त्या खोबणीत बूच घालत बसणार. कावळ्याला काय, त्याला भूक लागली होती. पण तिला कोण सांगणार? तू सांगायला हवं होतंस. तू भ्यालास.

तेव्हा मीच सांगायचं ठरवलं. पुढच्या शनिवारी, नेहमीच्या वेळेला, मी तुझ्या खोलीवर गेले. ह्यांनी छत्री हातात दिली. खोलीत अश्विनी एकटी होती. तुझी खुर्ची तिने भिंतीकडे सरकवून ठेवली होती, त्यावर कुणी बसू नये म्हणून असेल. मी स्टुलावर बसले.

‘अश्विनी, तुला एक सांगायचंय. तुला वाईट वाटेल. माझा राग आला तरी चालेल.’

‘बोला ना, मॅडम.’

‘तू ज्या खोबणीसाठी बूच बनवतेयस ना, तिथे ॲलॅनिन नाहीये. कधीच नव्हतं. सरांना मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. तुझी वर्षं फुकट जातील, बाळा. त्यांना दिलेला शब्द वगैरे विसर. मेलेल्या माणसापायी कुणी आपलं आयुष्य चुकीच्या जागी घालवू नये.’

ती रडेल असं वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी होतं, अवघडल्यासारखं, घरातली गोष्ट पाहुण्यासमोर उघडी पडावी तसं.

‘मॅडम, एक दाखवू?’

तिने पडद्यावर मॉडेल उघडलं. तुझ्यासारखंच फिरवते ती, तोच हात. तीन भाग, अडकित्त्याचं पातं, खाली खोबण. खोबणीत काही नव्हतं. पाण्याचे दोन-तीन रेणू विखुरलेले, बाकी मोकळी.

‘हा साखरेच्या पाण्यात गोठवलेला खडा,’ ती म्हणाली. ‘ठिपका गेला. सर बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, ग्लिसरीनच होतं.’

‘कधी?’

‘मागच्या दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा.’

‘आणि हे बाहेर कुणाला...’

‘बाहेर सगळ्यांना माहितीये, मॅडम. सरांनी लगेच दुरुस्ती छापायला पाठवली. रचनांच्या ऑनलाइन बँकेतही मॉडेल बदललं. कुणीही उघडून बघू शकतं.’

कुणीही. जगातल्या कुणीही. मी बघितलं नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर मी कधीकाळी उतरवून घेतलेली जुनी प्रत होती, ॲलॅनिनवाली. दर शनिवारी मी तीच उघडून तुझ्यासमोर नाचवत होते. तू चूक कबूल करशील हे मला इतकं अशक्य वाटत होतं की नवं काही आलंय का, हे बघायचं माझ्या मनातही आलं नाही. अश्विनी खाली बघून म्हणाली, ‘तुम्ही लॅपटॉप उघडला की सर मला डोळ्यांनी गप्प करायचे.’

‘आणि तुझं काम?’

‘ते त्यांनी तेव्हाच बदलायला लावलं. आता बूच पहिल्या भागासाठी आहे, जिथे दोराचं टोक धरतात तिथे. सरांनीच बसून सगळं परत आखून दिलं. सगळी सुट्टी घालवली त्यात. बरं चाललंय, मॅडम. ते अर्धवट सोडणार नाही म्हणाले मी.’

म्हणजे मुलगी सुखरूप होती. जिच्यासाठी मी पेटून उठले होते ती केव्हाच बाहेर काढलेली होती, आणि काढणारा तू. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण फार थोडा वेळ.

‘मग मला का नाही सांगितलं त्यांनी?’

ती पेनाचं टोपण फिरवत बसली. मी पुन्हा विचारलं, जरा करड्या आवाजात, वर्गात विचारते तसं. तेव्हा म्हणाली, ‘मी विचारलं होतं सरांना. ते म्हणाले, मॅडमना आत्ता नको सांगू. त्या जिंकल्या की शनिवारी यायच्या बंद होतील.’

बाहेर जिन्यावरून पोरं दणादणा उतरत होती. तुझ्या डोक्यावर रोज हा आवाज व्हायचा, भास्कर, आणि तू त्याखाली बसून अणू मोजायचास.

मला आधी प्रचंड राग आला, आणि तो अजून आहे. दिवाळीनंतरचा तो शनिवार आठव. तू टेबलावर मूठ आपटून ओरडला होतास, ‘मी मरेपर्यंत ॲलॅनिन!’ भेळभत्त्याचा कागद खाली पडला होता. किती मन लावून केलंस रे ते नाटक. तोवर तू जगाला दुरुस्ती पाठवून मोकळा झाला होतास, फक्त एका बाईला सोडून. मी घरी जाऊन पुस्तकं काढायचे, कोनांची गणितं मांडायचे, ह्यांना जेवताना ॲलॅनिन आणि ग्लिसरीनची चित्रं काढून दाखवायचे. आणि तू शुक्रवारी बसून ठरवत असशील, उद्या वसूला कोणता मुद्दा टाकायचा. स्वतःच्या विद्यार्थिनीला तू खोट्यात ओढलंस. माझी जीत माझ्यापासून चोरलीस, आणि इतक्या वर्षांच्या खटाटोपानंतर मिळालेली ती एकुलती एक होती.

चूक मान्य केलीस, न मागता केलीस, चारचौघांत केलीस, मुलीला वाचवलंस. त्याबद्दल तुझी पाठ थोपटली असती मी, समोर असतास तर. घृणा म्हटलं ते परत घेते. पण सगळं परत घेत नाही. कारण माझ्या मनात दुसरंच काही सलतंय, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

माझ्याबद्दल तू हे मत करून घेतलं होतंस. की ही बाई वाद जिंकायला येते. एकदा जिंकली की पर्स उचलेल, उरलेल्या मिरच्या कागदात गुंडाळेल आणि जाईल. आपण विशीतले होतो तेव्हापासून मला ओळखतोस, माझी मुलं तुझ्या मांडीवर वाढली, आणि तू मनाशी हा हिशेब केलास. की मला धरून ठेवायला तुला एक चूक जिवंत ठेवावी लागेल.

वसू, ये, असं म्हणून बघायचं होतंस. नाहीतर काहीच न म्हणता गप्प बसून बघायचं होतंस. तू बरोबर निघाला असतास आणि मी सपशेल हरले असते, तरी पुढच्या शनिवारी मी त्याच स्टुलावर येऊन बसले असते. मी जिंकायला येत नव्हते, भास्कर. एवढं साधं अनुमान तुला काढता आलं नाही, आणि म्हणे शास्त्रज्ञ.